सनमायकावर रंग टिकतो का?

पनवेल, खारघर, कामोठ्यात नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बहुतेकदा कारखान्यातून सनमायका लावूनच येतं. चार महिन्यांत त्या चकचकीत लाल शटरांचा कंटाळाही येतो! मग घरी येतो रंगाचा डबा.

फसगत इथेच होते. सरसकट सनमायका म्हणतात ते लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले कागदाचे थर, उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले. अमेरिकेत १९१२ साली फॉर्मायका हे असंच लॅमिनेट जन्मलं ते स्वयंपाकघरासाठी नव्हेच, विजेच्या उपकरणांत अभ्रकाला पर्याय म्हणून. वरचा मेलामाइनचा थर पाणी पीत नाही, मग रंग कसा धरणार?

म्हणून आधी बिजागऱ्या नि हँडल काढायची, तेलकटपणा धुवायचा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी मोडायची. मग बाँडिंग प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन पातळ हात. भिंतीचा डिस्टेंपर लावला तर नखाने सोलून निघतो.

रंग दिल्याने किचनची वॉरंटी जाऊ शकते, तेव्हा तिचा कागद आधी वाचलेला बरा.

आणि मुहूर्त? पनवेलच्या पावसात मुळीच नाही. दमट हवेत रंग नीट सुकत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. हाताला सुकलेला लागला तरी रंग पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर शटरांवर ओला फडका नको.