सहा महिन्यांचे बाळ आणि शेतावर जाणारी आई



पावसाळ्यात घरभेटीला निघालो की खानापूर भागातल्या वाड्यांवर आम्हांस बहुतेक एकच देखावा दिसतो. घरातली धडधाकट माणसे रोप लावायला चिखलात उतरलेली असतात. घरी म्हातारी आजी, चुलीपाशी मांजर आणि झोळीत बाळ. आई सकाळी पाजून गेलेली, ती दुपारी येणार. मधल्या वेळी बाळ रडले की आजी भाताची पेज चमच्याने पाजते आणि बाळ थोड्या वेळाने झोपते. सर्वांना वाटते, पोट भरले.

अशाच एका घरी आम्ही बाळाला मांडीवर घेतले. डिसेंबरात जन्मलेले, म्हणजे जुलैत सात महिन्यांचे. बाप्तिस्म्याच्या वेळी ते चांगले गुटगुटीत होते, हे आम्हांस आठवत होते. आता मनगटावरच्या वळ्या गेल्या होत्या आणि मान बारीक दिसत होती. आजी म्हणाली, "फादर, दात येत्यात, म्हणून वाळलंय." आजीची माया खरी होती, पेजही तिने वेळेवर दिली होती. चूक दातांची नव्हती. सहा महिने झाले की बाळाची गरज बदलते, ही गोष्ट त्या घरात कोणी सांगितलीच नव्हती. आज तीच सांगावी म्हणून हा लेख लिहीत आहोत.

सहाव्या महिन्यानंतर काय बदलते?

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काही लागत नाही. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. निरोगी बाळ पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास जन्मवेळच्या दुप्पट वजनाचे होते. हे सारे केवळ आईच्या दुधावर घडते.

सहा महिने पुरे झाले म्हणजे दूध 'पातळ' होते किंवा 'उतरते', असा समज आहे. तो बरोबर नाही. दूध चांगलेच असते, पण बाळ मोठे झालेले असते. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात. ९ ते ११ महिन्यांत ही गरज सुमारे ३०० वर जाते आणि वर्षानंतर सुमारे ५५० वर.

दुसरी गोष्ट लोहाची. बाळ जन्माला येते तेव्हा आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडे असते. शिदोरी संपली आणि अन्नातून लोह आले नाही, तर बाळाचे रक्त कमी होते, ते निस्तेज दिसते आणि त्याची भूकही मंदावते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुले रक्तक्षीण आढळली. म्हणजे तीन मुलांतली दोन. ही गोष्ट फक्त गरिबाच्या घरची नव्हे.

म्हणून सहा महिने पूर्ण होताच अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत, जमल्यास त्यापुढेही, चालू ठेवावे. अन्न हे दुधाच्या जोडीला आहे, दुधाच्या जागी नाही.

पेजेने पोट भरते, बाळ भरत नाही

सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटीभर अन्न मावते. त्या वाटीत काय घातले, यावर सारे अवलंबून आहे. पातळ पेजेच्या वाटीत फार तर चमचाभर तांदूळ असतो, बाकी सारे पाणी. पोट तट्ट फुगते, बाळ झोपते, पण अंगी काही लागत नाही. शिवाय पाण्याने पोट भरल्यामुळे आई आली तरी ते नीट पीत नाही. असे दोन्हीकडून नुकसान होते.

अन्न घट्ट हवे. त्याची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तर अन्न पटकन ओघळून जाऊ नये. दात नाहीत म्हणून घट्ट चालणार नाही, अशी भीती नको. मऊ कुस्करलेले अन्न बाळ हिरड्यांनी सहज खाते.

घरच्या धान्याचे पीठ

यासाठी बाजारातला डबा विकत आणण्याची गरज नाही. आपल्या शिवारातच सारे पिकते. भात आहे, नाचणी आहे, भात काढल्यावर घेतलेली मसूर आहे, रताळी आहेत, परड्यात कोंबडी आणि शेवगा आहे. आम्ही पाहतो की हे सारे बाजाराला जाते आणि त्या पैशातून बाळासाठी बिस्किटाचा पुडा घरी येतो. हा व्यवहार उलटा आहे.

तीन वाट्या नाचणी किंवा तांदूळ आणि एक वाटी मसूर अथवा मूग डाळ घ्यावी. निवडून, धुऊन, वाळवून वेगवेगळे मंद आचेवर भाजावे आणि बारीक दळून कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावे. धान्य आणि डाळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि प्रथिने उत्तम मिळतात. खायला देताना दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून चांगले शिजवावे आणि वरून एक लहान चमचा तूप किंवा तेल घालावे. एवढ्यात साधारण सव्वाशे उष्मांक होतात. तुपाने कफ होतो, ही समजूत सोडावी. थोड्या जागेत जास्त बळ देणारी वस्तू तूप-तेलासारखी दुसरी नाही.

नाचणी मोडाची असेल तर अधिक चांगले. नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत, मग वाळवून, थोडी भाजून दळावी. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते, ते पिठातल्या सत्त्वाचे बारीक तुकडे करते. त्यामुळे पीठ जास्त घातले तरी खीर गिळगिळीत गोळा न होता मऊ राहते आणि त्यातले लोहही अंगी अधिक लागते. फडक्यातून गाळून काढलेल्या सत्त्वात मात्र कोंड्याबरोबर लोहही बरेच निघून जाते. म्हणून गाळण्यापेक्षा बारीक दळावे.

याशिवाय मऊ भात आणि घट्ट वरण, कुस्करलेले रताळे, लाल भोपळा, पिकलेली पपई, केळे, शिजवून बारीक केलेला पालक किंवा शेवग्याचा पाला द्यावा. पूर्ण उकडलेले अंडे, काटे नीट काढलेली मासळी, बारीक केलेले मटण हेही सहा महिन्यांनंतर चालते, आणि लोहासाठी हे सर्वांत गुणकारी. पालेभाजी-डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले तर त्यातले लोह चांगले लागते.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. ९ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि मध्ये एखादे फळ. नवी वस्तू बाळाने थुंकली तर ती आवडली नाही असे समजू नये. जीभ अजून शिकत असते. दोन दिवसांनी पुन्हा द्यावी. बळजबरीने नाक दाबून भरवू नये.

काही गोष्टी टाळाव्यात. चहा आणि चहात बुडवलेले बिस्कीट मुळीच नको, कारण चहा लोह लागू देत नाही. वर्षाच्या आत मध नको, त्यातून क्वचित प्राणघातक विषबाधा होते. मीठ-साखर वेगळी घालण्याची गरज नाही. अख्खा शेंगदाणा, फुटाणा नको, तो श्वासनळीत अडकतो. शेंगदाणा द्यायचा तर बारीक कूट करूनच. गाईचे दूध वर्षापर्यंत मुख्य पेय म्हणून नको. आणि बाटली तर घरात आणूच नये. तिच्या बोंडातली घाण कितीही धुतली तरी जात नाही. वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढता येतो, तोच बरा.

दातांवर खापर फोडू नये

सहाव्या महिन्यापासून जुलाब वाढतात, हे खरे. पण ते दातांमुळे होत नाहीत. याच सुमारास बाळ रांगायच्या बेतात येते, सापडेल ते तोंडात घालते आणि बाहेरचे अन्न-पाणीही तेव्हाच सुरू होते. गोठ्यातून आलेला हात तसाच भरवायला बसला, तर जुलाब होणारच. भरवण्यापूर्वी आपले आणि बाळाचे हात साबणाने धुवावेत, पाणी उकळून थंड केलेले द्यावे, सकाळचे शिजवलेले संध्याकाळी देऊ नये. फवारणी करून आलेल्या कोणीही आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला हात लावू नये, आणि औषधाचा रिकामा डबा घरात कशालाही वापरू नये.

जुलाब झाले तर अन्न बंद करू नये. दूध वारंवार पाजावे आणि जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने द्यावे. हे पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नये. डोळे खोल गेले, बाळ पिईना, शौचात रक्त दिसले, झटका आला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा श्वास मिनिटाला ५० च्या वर गेला, तर रोप राहू द्यावे आणि त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

अंगणवाडीचा काटा आणि फीत

बाळ वाढते की नाही, हे डोळ्यांना उशिरा कळते, काट्याला आधी कळते. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून तक्त्यावर नोंदवून घ्यावे. रेषा सपाट झाली की समजावे, काहीतरी कमी पडते आहे. तिथे दंडाचा घेर मोजायची फीतही असते. सहा महिन्यांवरील बाळाचा दंड १२.५ सेंटिमीटरच्या आत आला तर ते कुपोषणाकडे झुकले आहे, आणि ११.५ च्या आत असेल तर विलंब न लावता आरोग्य केंद्रात न्यावे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून घरी नेण्याचा शिधा मिळतो. तो साऱ्या घराच्या आमटीत न जाता बाळाच्या वाटीत जावा. लोहाच्या पातळ औषधाविषयी आशाताईला विचारावे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा चुकवू नये.

हे एकट्या आईचे काम नव्हे

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेले सारे वाचून एखादी माउली म्हणेल, "फादर, हे करायला वेळ कुठला?" तिचे म्हणणे खरे आहे. शेतीकामाला बाळंतपणाची रजा नसते. पहाटे उठून दळण-पाणी, गोठा, भाकऱ्या, मग शेत, परत येऊन पुन्हा चूल. तीच बाई बाळाला दिवसातून तीन वेळा भरवणार कशी?

म्हणून आम्ही बाप्यांना आणि सासूबाईंना सांगतो. शेत जवळ असेल तर बाळाला बांधावर आणावे, झोळी सावलीत बांधावी आणि दर दोन-तीन तासांनी आईला चिखलातून वर येऊ द्यावे. पाजायला लागणाऱ्या त्या अर्ध्या घटकेची मजुरी धरू नये. शेत लांब असेल तर निघण्यापूर्वी तिने हाताने दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या वाटीत झाकून थंड जागी ठेवावे. चार तासांच्या आत आजीने ते चमच्याने पाजावे. खिरीचे पीठ एकदा दळून ठेवले की महिनाभर पुरते, ते दळून आणणे बापाचे काम. रात्री पाणी उकळून ठेवणे हेही त्याला जमण्यासारखे आहे. आणि आई स्वतः पोटभर जेवली का, हे सासूने आधी विचारावे. सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल त्यावर तिने भागवायचे, ही रीत मोडलीच पाहिजे.

आजीबाई म्हणतात, "आम्ही पेजेवरच सात वाढवली." आम्ही त्यांच्या कष्टांपुढे नम्र आहोत. पण त्याच आजीबाईंना हळूच विचारले की किती जन्माला आली होती, तर त्या गप्प होतात आणि पदर डोळ्यांना लावतात. जी गेली, तीही त्यांना आठवत असतात.

ज्या घरची हकिकत वर सांगितली, तिथे आजीनेच पुढे काम हाती घेतले. नाचणी-मसुरीचे पीठ केले, पेजेची वाटी बाजूला ठेवली, परड्यातले अंडे बाजाराऐवजी बाळाला दिले. भात कापणीच्या वेळी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ते बाळ खळ्यावर धान्याच्या राशीपाशी बसून दोन्ही मुठींनी भात उधळत होते आणि आजी त्याला ओरडत होती. मनगटावर वळी परत आली होती.

रोप लावताना एक गोष्ट आपण सारेच जाणतो. कोवळ्या रोपाला पहिल्या दिवसांत जे मिळाले नाही, ते पुढे कितीही खत घालून भरून येत नाही. बाळाचेही तसेच आहे. ज्या घरी सहा महिन्यांचे बाळ असेल, त्या घराने येत्या आठवड्यात एवढे करावे : अंगणवाडीत वजन, एक शेर पिठाचे दळण, आणि आईच्या हातचे एक काम दुसऱ्याने उचलणे.