एकटा रेणू आणि गर्दीतला रेणू

आजच्या विषयाचे नाव भारदस्त आहे: रेणूंच्या कंपनांचे वर्णपट. पण त्याची आणि माझी गाठ पडली ती कारखान्याच्या दारात. तेथल्या भट्टीखात्यातले कामगार म्हणत होते, पाळी संपेपर्यंत डोके जड होते, गॅस येतो. व्यवस्थापन म्हणत होते, मापकयंत्राचा काटा पाहा, सारे ठीक आहे. यंत्र खोटे बोलते असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि तीस माणसे ठरवून डोके धरून बसतात यावर माझा विश्वास नव्हता. तेव्हा हे यंत्र मोजते तरी काय, ते शिकून घेणे भाग पडले. माझी शाळा सातवीतच सुटलेली. वाचनालय आणि एक सहनशील प्राध्यापक एवढ्याच भांडवलावर हा अभ्यास झाला.

तो गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. झोतभट्टीच्या वायूत तो शेकडा २० हून अधिक असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग माणसाला न दिसणारी ही वस्तू यंत्राला कशी दिसते?

या वायूच्या रेणूत कार्बनचा एक आणि प्राणवायूचा एक असे दोन अणू असतात. ते जणू स्प्रिंगने जोडलेले आहेत आणि सेकंदाला सुमारे ६४ लाख कोटी वेळा जवळ येतात, दूर जातात. झोपाळ्याला त्याच्या लयीतच धक्का दिला तर तो धक्का अंगी लागतो. तसेच येथे आहे. याच लयीचा अवरक्त किरण, म्हणजे तांबड्याच्या अलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश, नळीतून सोडला तर हा रेणू तो गिळतो. पलीकडे किरण किती कमी पोहोचला यावरून वायू किती ते कळते. (खिशाला लावायची छोटी यंत्रे बहुधा रासायनिक क्रियेवर चालतात, मी बोलतो आहे ते भिंतीवरच्या मोठ्या यंत्राबद्दल.)

कोरड्या हवेचा शेकडा ९९ भाग नत्रवायू आणि प्राणवायू यांचा. त्यांचेही रेणू कंप पावतात. पण दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे विद्युद्भार कोणत्याही एका बाजूला झुकत नाही आणि किरणाला पकडायला जागाच सापडत नाही. म्हणून हवा या यंत्राला जवळजवळ पारदर्शक आणि विषारी अंश तेवढा उठून दिसतो. अशा अबोल रेणूंना बोलते करण्याची दुसरी वाट २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सापडली. रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश रंग बदलतो, आणि तो बदल रेणूच्या कंपनाइतका असतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले. हा फरक एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येने मोजतात; नत्रवायूचा तो सुमारे २,३३० भरतो.

आता मुद्दा गर्दीचा. वायू विरळ असताना रेणू कंप पावता पावता मोकळेपणी गिरक्याही घेतो. या गिरक्या ठरावीक वेगांच्याच असतात, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा वर्णपट फणीसारखा दिसतो. दात्यांमधल्या अंतरावरून दोन अणूंमधले अंतरसुद्धा काढता येते. दाब वाढवा, टकरी वाढतात, गिरकी मध्येच मोडते, प्रत्येक दाता रुंदावतो. तीस-चाळीस वातावरणांच्या दाबाला दाते एकमेकांत मिसळू लागतात आणि द्रवात फणीच्या जागी नुसता उंचवटा उरतो.

याचा अर्थ असा की, दाब आणि उष्णता बदलली की त्याच मिश्रणाला यंत्र वेगळा आकडा दाखवू शकते. म्हणून ज्यातले प्रमाण माहीत आहे अशा सिलिंडरमधल्या वायूशी ते वरचेवर जुळवावे लागते. आम्ही व्यवस्थापनाला एवढेच विचारले: हे यंत्र कोणत्या तारखेला, कोणत्या दाबाला आणि कोणत्या वायूशी जुळवले? नोंदवही शोधायला दोन दिवस लागले. शेवटची नोंद वर्षापूर्वीची निघाली. यंत्र पुन्हा जुळवून घेतले तेव्हा काटा वर सरकला आणि खात्यात नवे पंखे आले.

माझे काम तेथे संपले होते, पण वाचन सुटेना. गर्दीने सारे पुसटच होते असे मी धरून चाललो होतो, तर नत्रवायू नेमका उलट वागतो! रामनच्या पद्धतीने पाहिले तर विरळ नत्रवायूत कंपनाच्या अनेक रेषा दाटीने उभ्या असतात, कारण गिरकीचा वेग बदलला की कंपनही किंचित बदलते. घनता वाढली की या रेषा एकत्र येऊन आक्रसतात, आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रवायूत एकच अरुंद रेषा राहते. टकरींमुळे रेणू गिरक्या इतक्या झपाट्याने बदलतो की सरासरीच काय ती दिसते. रंगीत पट्ट्यांचा भोवरा जोरात फिरला की एकच रंग दिसतो, तसे.

याहून नवलाची गोष्ट १९४९ मध्ये टोरांटोत क्रॉफर्ड, वेल्श आणि लॉक यांनी दाखवली. नत्रवायू आणि प्राणवायू पुरेसे दाबले की तेही अवरक्त किरण गिळू लागतात! एकट्या रेणूला हे जमत नाही. पण दोन रेणू भिडले की क्षणभर एकमेकांचा विद्युद्भार वाकवतात आणि तेवढ्यात किरण पकडला जातो. जोडीचे काम असल्यामुळे घनता दुप्पट केली तर शोषण सुमारे चौपट होते. आमच्या चळवळीतला माणूस यावर लगेच टाळी वाजवील; पण रेणूंना मागण्या नसतात, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

त्याच १९४९ साली कायपर यांना युरेनस आणि नेपच्यून यांच्या प्रकाशात ८,२७० अँगस्ट्रॉमजवळ एक पसरट काळा पट्टा आढळला होता. तो कोणत्या वायूचा, हे उमगेना. जर्मनी सोडून कॅनडात आलेले गेऱ्हार्ड हर्झबर्ग यांनी हायड्रोजन थंड केला, दाबला आणि लांब मार्गाने त्यातून प्रकाश नेला. तोच पट्टा उमटला. हायड्रोजनचे दोन्ही अणू सारखे, म्हणून तोही अबोलांपैकीच. गर्दीत तेवढा बोलतो. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि त्या दूरच्या ग्रहांच्या वातावरणात हायड्रोजन असल्याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला.