दम्याचा त्रास पहाटेच का वाढतो?

दमा असलेल्या माणसाला विचारा, त्रास केव्हा होतो? बहुतेक जण म्हणतात, पहाटे तीन-चारला. आंबिवली स्टेशनात पहिली लोकल यायच्या आधीच घरातली आजी भिंतीला टेकून बसलेली असते, छातीत शिट्टी वाजत असते. दोष मात्र रात्री खाल्लेल्या दह्याला दिला जातो.

कारण शरीराच्या आतले आहे. फुप्फुसातल्या श्वासनळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात आणि त्यांच्या भोवती स्नायूंचे वेढे असतात. हे स्नायू आपल्या मर्जीने हलत नाहीत. त्यांना हुकूम येतो तो मेंदूपासून छातीत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेतून. नसेचे टोक अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडते, ते स्नायूवर बसते, स्नायू आवळतो आणि नळी अरुंद होते. नसा रसायनाने बोलतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवले, तेही याच व्हेगस नसेवर.

स्नायू सैल करायला मात्र माणसात अशी थेट नस जवळपास नाहीच. ते काम रक्तातून येणारे अ‍ॅड्रेनालीन करते. रात्री व्हेगसचा जोर वाढतो आणि अ‍ॅड्रेनालीन कमी होते. निरोगी माणसाला हा फरक कळतही नाही. दम्याच्या रुग्णाची नळी आतून आधीच सुजलेली असते, म्हणून तिला तो झेपत नाही. रात्री दम्याने जाग येत असेल तर चालू औषध पुरे पडत नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ पासून बंद आहे, मग आता दमा कशाचा, असे आम्हाला विचारतात. धूर आता घरातच असतो. डासांची कॉइल, चूल, दारात जाळलेला कचरा यांचा धूर नळीच्या अस्तरातल्या नसांना टोचतो, निरोप मेंदूला जातो आणि व्हेगसमार्फत आवळण्याचा हुकूम काही क्षणांत परत येतो. झुरळांच्या विष्ठेची धूळ वेगळ्या वाटेने जाते. तिच्यामुळे पेशी हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइन सोडतात, त्याने स्नायू आवळतो आणि सूजही येते. दहा बाय दहाच्या खोलीत वंदनेला मेणबत्ती आणि फुले पुरेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अगरबत्ती नको.

ढेकूण मारायला सुट्या बाटलीत शेतीचे औषध आणणे तर फारच वाईट. त्यातली काही औषधे अ‍ॅसिटिलकोलीन मोडूच देत नाहीत, मग आवळण्याचा हुकूम थांबतच नाही.

पंपाची सवय लागते, ही भीती आम्ही घरोघरी ऐकतो. साल्ब्युटामॉलचा पंप अ‍ॅड्रेनालीनचीच नक्कल करतो. काही मिनिटांत स्नायू सैल होतो, चार-सहा तास आराम पडतो. पण सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप, आणि बरे वाटताच लोक नेमका तोच बंद करतात. लहान मुलांना पंप स्पेसर लावूनच द्यावा, नाहीतर औषध घशातच बसते.

रुळाच्या कडेला उगवणाऱ्या धोतऱ्याच्या पानांची बिडी ओढणारी माणसे पूर्वी होती. १८०२ च्या सुमारास हा उपाय मद्रासहून इंग्लंडलाही गेला. त्याने गुण येई हे खरे, कारण धोतऱ्यातले अ‍ॅट्रोपिन अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवते. पण पानात ते किती आहे कोण मोजणार? जास्त झाले की माणूस बरळतो, जीवही जातो. त्याच रेणूत बदल करून केलेले इप्राट्रोपियम आज मोजून मिळते. धोतऱ्याला हात लावू नका.

प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची, हात थरथरण्याची किंवा अर्धशिशीची गोळी अ‍ॅड्रेनालीनचा निरोप अडवते. म्हणून कोणतीही नवी गोळी घेताना आपल्याला दमा आहे हे आधी सांगा. काहींना अ‍ॅस्पिरिननेही झटका येतो.

पंप घेऊनही धाप थांबत नसेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रुग्णाला बसते ठेवा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप देत राहा आणि १०८ ला फोन लावा.