ट्रिनिडाड आणि टोबॅगोमधील एकदिवसीय सहली

ट्रिनिडाड आणि टोबॅगो हे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ११ किलोमीटर अंतरावर वसलेले द्वीपराष्ट्र आहे. येथे सुट्टीसाठी आलेले पर्यटक मुक्कामाच्या ठिकाणाहून सकाळी किंवा दुपारी निघून त्याच दिवशी, क्वचित मध्यरात्री, परत येतात. अशा सहलींतील प्रमुख स्थळांची माहिती या लेखात दिली आहे. यांपैकी बहुतेक स्थळांचे आकर्षण सजीव आहे: पक्षी, कासवे, प्रवाळ, अरण्य. त्यामुळे पाहायला येणाऱ्यांच्या संख्येचा आणि वर्तनाचा त्या स्थळांवर थेट परिणाम होतो. मटुरा येथे हा परिणाम कासवांना तारक ठरला, तर बुक्कू येथे प्रवाळांना मारक ठरला. या सहलींचा विचार करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

ट्रिनिडाड हे मोठे बेट सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे असून टोबॅगो जेमतेम ३०० चौरस किलोमीटरचे आहे. हा देश ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला आणि १९७६ मध्ये प्रजासत्ताक बनला. ट्रिनिडाडची अर्थव्यवस्था खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांवर उभी असल्याने तेथे पर्यटनाला दुय्यम स्थान राहिले, तर टोबॅगोचे अर्थकारण बऱ्याच अंशी पर्यटकांवर अवलंबून आहे. भूशास्त्रदृष्ट्या ट्रिनिडाड दक्षिण अमेरिका खंडाचाच तुटलेला तुकडा आहे. त्यामुळे अन्य कॅरिबियन बेटांवर न आढळणारे अनेक पशुपक्षी येथे आढळतात.

जानेवारी ते मे हा कोरडा आणि जून ते डिसेंबर हा पावसाळी काळ मानला जातो. चक्रीवादळांचा मुख्य पट्टा या देशाच्या उत्तरेकडून जात असला, तरी बेटे पूर्णपणे सुरक्षित नाहीत. १९६३ च्या ‘फ्लोरा’ वादळाने टोबॅगोची मोठी हानी केली होती. दोन्ही बेटांदरम्यान विमाने आणि प्रवासी जहाजे चालतात. विमानाला अर्धा तासही लागत नाही, जहाजाला काही तास लागतात.

कॅरोनी दलदल

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत, कॅरोनी नदीच्या मुखाशी सुमारे ५,६०० हेक्टरांची दलदल आहे. कोकणात ज्यांना तिवर किंवा कांदळ म्हणतात, त्या जातीच्या खाऱ्या पाण्यातील वृक्षांनी ती व्यापली आहे. २००५ मध्ये तिचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

येथील सहल दुपारी चारच्या सुमारास सपाट तळाच्या होडीतून सुरू होते. अरुंद कालव्यांतून होडी संथपणे जाते. मुळांना चिकटलेले कालव, फांदीवर वेटोळे घालून पडलेला वृक्षवासी अजगर, क्वचित चेंडूसारखा गुरफटून झोपलेला लहानगा मुंगीखाऊ असे काही काही नावाडी दाखवत राहतो. कालवे संपल्यावर मोकळे पाणी लागते. तेथे तिवरांच्या बेटांपासून योग्य अंतर राखून इंजिन बंद केले जाते आणि सूर्यास्ताची वाट पाहिली जाते.

मावळतीला शराटी कुळातील स्कार्लेट आयबिस हे शेंदरी पक्षी थव्याथव्याने रात्रीच्या निवाऱ्याला येतात. त्यांपैकी काही दिवसभर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर चरून समुद्र ओलांडून परततात. अर्ध्या तासात हिरवी झाडे लाल फुलांनी डवरल्यासारखी दिसू लागतात. हा रंग पक्ष्याला जन्मतः मिळत नाही. पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात. खेकडे, कोळंबी यांसारख्या आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे पिसे हळूहळू लाल होतात. दलदलीतील अन्न घटले, तर पक्ष्याच्या रंगावरही त्याचा परिणाम होतो.

हा पक्षी देशाच्या राजचिन्हावर विराजमान आहे, तरीही त्याचे मांस खाण्यासाठी चोरटी शिकार दीर्घकाळ चालू राहिली. २०१८ मध्ये शासनाने त्याला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रजाती घोषित केले. तेव्हापासून शिकारीला १,००,००० ट्रिनिडाड डॉलर दंड आणि दोन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. येथील सहलींची परंपरा भारतीय वंशाच्या नानन कुटुंबाशी निगडित आहे. या कुटुंबातील विन्स्टन नानन हे स्वयंशिक्षित पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखले जात. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. नावाड्याचे पोट पक्ष्यांवर अवलंबून असल्यामुळे दलदलीत रोजच्या रोज लक्ष ठेवणारे डोळे निर्माण झाले, हा या सहलींचा अप्रत्यक्ष लाभ होय. मोठ्या प्रवासी जहाजांतून आलेल्यांना मात्र ही सहल बहुधा हुकते, कारण पक्षी येण्याची आणि जहाज सुटण्याची वेळ एकच असते.

वॉटरलूचे सागरमंदिर

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून भारतीय गिरमिटिया मजुरांची पहिली तुकडी ट्रिनिडाडला उतरली. १९१७ पर्यंत सुमारे १,४०,००० हून अधिक मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आणले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कलकत्ता बंदरामार्गे आले होते.

या इतिहासाचे सर्वांत बोलके स्मारक पश्चिम किनाऱ्यावरील वॉटरलू येथे आहे. शिवदास साधू या मळेमजुराने १९४७ मध्ये समुद्रकाठी छोटे मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीच्या मालकीची होती. मंदिर पाडण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याला दंड आणि तुरुंगवास झाला आणि १९५२ मध्ये मंदिर जमीनदोस्त करण्यात आले. जमिनीवर जागा मिळत नाही, तर जिच्यावर कोणा कंपनीची मालकी नाही अशा समुद्रात मंदिर बांधण्याचा निर्धार त्याने केला. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात दगड, वाळू आणि सिमेंट सायकलवरून, डोक्यावरून वाहून नेत त्याने वर्षानुवर्षे हे काम एकट्याने चालवले. काम पूर्णत्वाला जाण्यापूर्वीच तो वारला. भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षे झाली त्या वर्षी, १९९५ मध्ये, मंदिराची पुनर्बांधणी झाली.

आता किनाऱ्यापासून मंदिरापर्यंत बांधलेली वाट आहे. पादत्राणे काढून आत जाता येते. शेजारीच अंत्यसंस्काराची जागा असल्याने सहलीला आलेल्यांनी शांतता आणि छायाचित्रणाचा संयम पाळावा, अशी अपेक्षा असते. ओहोटीला चिखलात उतरणारे पाणपक्षी पाहण्यासाठीही अनेकजण येथे येतात. जवळच कारापिचैमा येथे ८५ फूट उंचीची हनुमानमूर्ती आहे, त्यामुळे ही दोन्ही स्थळे सहसा एकाच फेरीत पाहिली जातात. वाटेत रस्त्याकाठच्या गाडीवर ‘डबल्स’ मिळते. हळदीच्या पिठाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मध्ये चण्याची रस्सेदार उसळ असे त्याचे स्वरूप असून भारतीय वंशाच्या विक्रेत्यांनी रूढ केलेला हा पदार्थ आज साऱ्या देशाची न्याहारी झाला आहे.

डांबराचे तळे

नैऋत्येकडील ला ब्रेआ येथे जगातील सर्वांत मोठा नैसर्गिक डांबराचा साठा आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० हेक्टर आणि मध्यभागी खोली सुमारे ७५ मीटर सांगितली जाते. इंग्रज दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याने १५९५ मध्ये येथील डांबर जहाजांच्या फटी बुजवण्यासाठी वापरले होते. पुढे येथील डांबर जगभरच्या रस्त्यांवर पसरले.

सुरकुतलेल्या हत्तीच्या कातडीसारख्या या पृष्ठभागावरून मार्गदर्शकासह चालता येते. मार्गदर्शक अनिवार्य समजावा, कारण काही भाग इतके मऊ असतात की पाय रुततो. तळ्याला ‘मोटारी उभ्या करण्याचे मैदान’ म्हणून नाके मुरडणारे पर्यटक असतात. मात्र उकरलेला खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो हे कळल्यावर त्या काळ्या मैदानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने इतर सारे सोडले तरी हे स्थळ सोडू नये. गावातील घरे आणि रस्तेही खालच्या डांबराच्या हालचालीने कलतात.

मराकास आणि उत्तर किनारा

राजधानीहून डोंगर ओलांडून मराकासच्या पुळणीवर जाणे ही स्थानिकांचीही आवडती सहल आहे. हा वळणावळणाचा रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांनी बांधला. नाविक तळासाठी चाग्वारामासचे किनारे घेतल्यामुळे नागरिकांना ते बंद झाले, त्याची ही भरपाई होती. येथील ‘बेक अँड शार्क’ म्हणजे तळलेल्या फुगीर पावात भरलेले मुशीचे मांस होय. शार्क माशांची संख्या घटत असल्याने निसर्गप्रेमींचा त्याला आक्षेप आहे. दुसरा मासा घालून मागण्याचीही सोय आहे, आणि चिंचेची व कोथिंबिरीच्या वासाच्या ‘शॅडन बेनी’ पानांची चटणी दोन्हीत सारखीच असते.

कासवांचे किनारे

ईशान्य ट्रिनिडाडमधील मटुरा आणि ग्रान्द रिव्हिएर या पुळणींवर मार्च ते ऑगस्ट या काळात चर्मपाठी कासवे अंडी घालण्यासाठी येतात. समुद्री कासवांतील ही सर्वांत मोठी जात आहे. मादीचे वजन ३०० ते ५०० किलोग्रॅमपर्यंत भरते. ग्रान्द रिव्हिएरची पुळण एक किलोमीटरहूनही लहान आहे, परंतु हंगामाच्या ऐन भरात एका रात्रीत तेथे शेकडो माद्या येतात. मटुराची फेरी राजधानीहून रात्री उशिरा परतण्याच्या बेताने करता येते. ग्रान्द रिव्हिएर दूर असल्याने तेथे मुक्काम करणे बरे.

१९८० च्या दशकात मटुराच्या किनाऱ्यावर मांसासाठी आणि अंड्यांसाठी कासवांची सर्रास कत्तल होत असे. १९९० मध्ये हा किनारा हंगामापुरता प्रतिबंधित क्षेत्र ठरला आणि गावातील लोकांना रखवालदार व मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्यातून ‘नेचर सीकर्स’ ही ग्रामस्थांची संस्था उभी राहिली. रात्रीची गस्त, कासवांना खुणेचे बिल्ले लावणे आणि परवाना घेतलेल्या पर्यटकांना किनाऱ्यावर नेणे ही कामे संस्था करते. प्रारंभी गावात विरोध झाला. परंतु मेलेले कासव एकदाच विकता येते आणि जिवंत कासव दरवर्षी पाहुणे आणते, हे पटल्यावर शिकार जवळजवळ थांबली. तरीही संपूर्ण देशात कासव पकडण्यावर बंदी येण्यास २०११ साल उजाडले.

पाहण्याचे नियम कडक आहेत. मादी समुद्रातून वर येत असताना आणि खड्डा खणत असताना जवळ जाऊ दिले जात नाही, कारण प्रकाशाने वा आवाजाने ती अंडी न घालताच परतते. अंडी पडू लागल्यावर ती जणू तंद्रीत जाते. तेव्हाच मार्गदर्शक लाल प्रकाशाच्या विजेरीने पर्यटकांना पुढे बोलावतो. छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश वापरण्यास मनाई आहे. सुमारे ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

पर्यटनाचा उलटा परिणामही येथे दिसला आहे. २०१२ मध्ये ग्रान्द रिव्हिएर नदीने मुखाजवळ प्रवाह बदलला आणि पुळण धुपून काठावरील पर्यटकनिवासाला धोका उत्पन्न झाला. प्रवाह वळवण्यासाठी हंगामातच अवजड यंत्रे वाळूवर उतरवण्यात आली. त्यांखाली अंडी आणि पिल्ले मोठ्या संख्येने चिरडली गेली. नेमक्या संख्येविषयी मतभेद राहिले, पण या घटनेची दखल जगभरच्या वृत्तपत्रांनी घेतली. याखेरीज किनाऱ्याजवळ मासेमारीच्या जाळ्यांत अडकून कासवे मरतात. ही समस्या सहलींच्या नियमांनी सुटणारी नाही.

बुक्कू प्रवाळभित्ती

टोबॅगोची सर्वांत प्रसिद्ध सहल नैऋत्य टोकाच्या बुक्कू भित्तीची आहे. स्टोअर बे, पिजन पॉइंट किंवा बुक्कू गावातून काचतळाच्या होड्या निघतात. तळाच्या काचेतून प्रवाळ आणि मासे पाहून झाल्यावर होडी ‘नायलॉन पूल’ या कमरेएवढ्या पाण्याच्या वाळूपट्ट्यावर थांबते. भर समुद्रात उभे राहून पोहण्याची मौज लुटता येईल अशी ही जागा आहे. नितळ पाण्याला नायलॉनच्या मोज्यांची उपमा देऊन ब्रिटनच्या राजकन्या मार्गारेट यांनी हे नाव दिले, असे सांगितले जाते.

या भित्तीला १९७३ मध्येच सागरी उद्यानाचा दर्जा मिळाला, परंतु अंमलबजावणी कागदावर राहिली. अनेक वर्षे होडीवाले पर्यटकांना प्लॅस्टिकचे बूट देऊन उथळ भित्तीवर प्रत्यक्ष चालायला लावीत. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म जीवांची वसाहत आहे आणि अनेक जातींची वाढ वर्षाला केवळ काही मिलिमीटर ते सेंटिमीटर होते. पावलांखाली मोडलेला भाग भरून यायला एका माणसाचे आयुष्य अपुरे पडू शकते. त्यात होड्यांच्या नांगरांचे घाव आणि किनाऱ्यावरील वस्ती व निवासांतून येणाऱ्या सांडपाण्याची भर पडली. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांनी शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतात. २००५ आणि २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे कॅरिबियनमधील प्रवाळांचे व्यापक विरंजन झाले, त्याचा तडाखा टोबॅगोलाही बसला.

मटुराप्रमाणे बुक्कूतही स्थानिकांचे पोट सहलींवरच आहे, तरी निष्पत्ती वेगळी झाली. मटुरात प्रवेश एका मार्गाने, परवान्याने आणि मार्गदर्शकासह होतो. बुक्कूत समुद्र खुला आहे, होड्या अनेक ठिकाणांहून निघतात आणि गिऱ्हाइकासाठी त्यांच्यात चढाओढ असते. आता भित्तीवर चालणे निषिद्ध मानले जाते. होडी निवडताना ती नांगर कोठे टाकते आणि भित्तीवर उतरवण्याचे आमिष दाखवते का, हे पर्यटकाने विचारावे.

मेन रिज आणि लिटल टोबॅगो

टोबॅगोच्या कण्यासारख्या डोंगररांगेवरील मेन रिज अरण्य १३ एप्रिल १७७६ रोजी कायद्याने राखीव झाले. पश्चिम गोलार्धातील हे सर्वांत जुने संरक्षित अरण्य मानले जाते. वृक्ष आणि पाऊस यांचा संबंध असतो हे स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाचे मत ब्रिटिश संसद-सदस्य सोम जेनिन्स यांना पटले होते आणि पाऊस टिकावा म्हणूनच डोंगरमाथा उसाच्या मळ्यांपासून वाचवण्यात आला. हेतू मळ्यांना पाणी मिळावे हाच होता, हे मात्र विसरता येत नाही. ‘फ्लोरा’ वादळात येथील बहुतेक मोठे वृक्ष कोसळले. आज दिसणारे रान त्यानंतर पुन्हा वाढलेले आहे. गिल्पिन पायवाटेवरून मार्गदर्शकासह दोन-तीन तासांत ते पाहता येते.

ईशान्य टोकाच्या स्पेसाइड गावातून लिटल टोबॅगो या निर्मनुष्य बेटावर होडी जाते. वाटेत जगातील अतिशय मोठ्या मेंदू-प्रवाळांपैकी एक काचेतून दिसतो. पिसांच्या व्यापारामुळे न्यू गिनीचे स्वर्गपक्षी नामशेष होतील, या भीतीने सर विल्यम इनग्राम यांनी १९०९ मध्ये ते या बेटावर आणून सोडले. अनेक दशके ते तेथे तग धरून होते, परंतु १९६३ च्या वादळानंतर घटत जाऊन संपले. सध्या येथे लाल चोचीचे, लांब शेपटीचे उष्णकटिबंधीय समुद्रपक्षी कड्यांवर घरटी करतात आणि त्यांच्यासाठीच पर्यटक डोंगर चढून वरच्या निरीक्षणस्थळापर्यंत जातात.