नवा पत्रा, नवा रंग, तरी दोन पावसाळ्यांत फुगे? जुनी पद्मिनी रंगवण्याआधी हे समजून घ्या

नाशिककरांना रावळगावची गोळी माहीत नाही, असं होणारच नाही. पण त्या गोळीचं एका गाडीशी नातं आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात साखर कारखाना उभा करणारे उद्योगपती म्हणजे वालचंद हिराचंद. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरांत पोचली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. आता उरल्यात त्या वडिलांची, आजोबांची आठवण म्हणून जपलेल्या गाड्या. या गाड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गंज.

मडगार्ड सडलं की मालक शोधाशोध करून नवं मडगार्ड आणतात, पेंटरकडे देतात, गाडी चकाचक होते. आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर कडेला बारीक फुगे दिसायला लागतात. मग दोष दिला जातो रंगाला. खरी चूक मात्र बहुतेक वेळा रंगाच्या खाली झालेली असते.

तो काळा थर नेमका कसला?

नवीन सुटा पत्रा बहुतेक वेळा काळ्या रंगात येतो. बघणाऱ्याला वाटतं, प्रायमर मारलेलाच आहे, थेट रंग मारून टाकू. गडबड इथेच होते.

हा काळा थर दोन प्रकारचा असू शकतो. पहिला म्हणजे ई-कोट. पत्रा रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात. रंग कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो आणि नंतर भट्टीत भाजला जातो. हा थर चांगला असतो, तो काढायची गरज नसते. दुसरा थर फक्त वाहतुकीत आणि गोदामात गंज चढू नये म्हणून मारलेला असतो. त्यावर महागातला महाग रंग मारला तरी तो टिकणार नाही, कारण पायाच कच्चा.

दोन्ही दिसायला सारखेच. मग ओळखायचं कसं? पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून आतल्या बाजूला जोरात घासा. फडक्यावर काळा रंग उतरला किंवा थर मऊ पडला, तर तो पूर्ण काढून पत्रा उघडा करावा लागतो. काहीच उतरलं नाही, तर तो भाजलेला थर आहे असं समजायला हरकत नाही. त्याला ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासून चमक घालवली की पुढचा थर धरतो.

रंगाआधी फिटिंग

जुन्या गाड्यांचे सुटे भाग तंतोतंत बसत नाहीत. म्हणून मडगार्ड, दरवाजा, बोनेट आधी गाडीवर बसवून बघायचं. फटी सारख्या येतात का, भोकं जुळतात का, कड घासते का, हे तपासायचं. ठोकाठोकी, वेल्डिंग, नवीन भोक पाडणं हे सगळं याच टप्प्यावर उरकायचं. रंगानंतर पाडलेल्या भोकाची कड उघडी राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पुसायचं, पण कसं?

पत्र्यावर तेल, मेण आणि हातांचा घाम असतो. घासण्याआधी तो काढला नाही, तर पेपरमुळे तेच तेल ओरखड्यांमध्ये दाबलं जातं. त्यासाठी दोन फडकी लागतात: एकाने ग्रीस काढणारं द्रावण लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. आपोआप वाळू दिलं तर मळ तिथेच राहतो. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही.

नाशिकचा पावसाळा आणि उघडा पत्रा

जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसू शकते. म्हणून पत्रा उघडा केला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारलेला बरा. इपॉक्सी पत्र्याला घट्ट धरतो आणि ओलावा अडवतो.

रंगकामातला एक जुना नियम आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव पत्र्यावर बसतं आणि प्रायमर त्याच्यावरच चढतो. त्यामुळे घाई नसेल तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढलेलं उत्तम.

पुट्टीचा घोळ

पुट्टी ओलावा शोषते. त्यामुळे ती मारून, घासून गाडी तशीच पावसात उभी ठेवणं म्हणजे फुग्यांना आमंत्रण. सुरक्षित क्रम असा: आधी इपॉक्सी, त्यावर गरजेपुरती पातळ पुट्टी, मग सरफेसर, तो वाळल्यावर ४०० ते ६०० नंबरचा पेपर आणि शेवटी रंग. जोडांच्या फटींमध्ये सीलंट भरायचं ते इपॉक्सीनंतर, रंगाआधी.

आतली बाजू विसरायची नाही. मडगार्डच्या आत चिखल साचतो, दरवाजाच्या तळाशी पाणी. त्यामुळे तिथेही प्रायमर हवा, पाणी जायची भोकं मोकळी हवीत आणि रंगकाम संपल्यावर आत मेणाचा थर हवा.

आणखी एक गोष्ट. हार्डनर घालून मारल्या जाणाऱ्या बऱ्याच रंगांमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, त्यासाठी योग्य मास्क आणि खेळती हवाच लागते.

पेंटरला विचारायचे चार प्रश्न

काळा थर थिनरने तपासला का? पत्रा गाडीवर बसवून बघितला का? उघड्या पत्र्यावर पहिला थर कशाचा? आतून काय मारणार?

शोरूमसारखी चमक काय, पहिल्या दिवशी प्रत्येक गाडीला येते. या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर वडिलांची पद्मिनी तिसऱ्या पावसाळ्यानंतरही तशीच दिसेल.