कीबोर्ड हातचा, फर्मवेअरही हातचं

चाकणच्या वाहन कारखान्यांत ‘ईसीयू फ्लॅश करणे’ हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये सॉफ्टवेअर भरायचं, एवढाच त्याचा अर्थ. हाताने बांधलेल्या मेकॅनिकल कीबोर्डचंही तसंच असतं. फरक इतकाच की इथे सॉफ्टवेअर कसं वागेल ते आपण ठरवतो. मराठी टाइप करणाऱ्याने तर ते जरूर ठरवावं.

पत्रा आणि तारा

स्विच बसवायची प्लेट १.५ मिलिमीटर जाडीची लागते. भोकं १४ मिलिमीटरची चौकोनी आणि एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर अंतर. डीएक्सएफ ड्रॉइंग दिलं तर भोसरी एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्यासाठी हे किरकोळ काम आहे. एका नगाला तो बहुधा नाक मुरडेल, म्हणून ‘उरलेल्या तुकड्यातून कापून द्या’ असं आधीच सांगावं.

६१ बटणांना ६१ तारा लागत नाहीत. ५ आडव्या ओळी आणि १४ उभे स्तंभ अशी जाळी विणली की कंट्रोलर बोर्डाच्या १९ पिनांत भागतं. जुन्या लाडक्या प्रो मायक्रो बोर्डावर १८ पिना सहज हाती लागतात, म्हणजे एक कमीच. रास्पबेरी पाय पिकोवर अशा २६ पिना आहेत, त्यामुळे नवख्याने सरळ पिको घ्यावा. प्रत्येक स्विचला १एन४१४८ डायोड लावायचा आणि सगळ्या डायोडांच्या काळ्या पट्ट्या एकाच दिशेला ठेवायच्या. डायोड गाळले, तर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथं अक्षरही उमटू शकतं.

मराठी असते कुठे?

कीबोर्डला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरलेलं सॉफ्टवेअर, तारांची जाळी सतत तपासतं, बटणाची थरथर निवेपर्यंत काही मिलिसेकंद थांबतं आणि बटणाचा क्रमांक संगणकाला कळवतं. त्या क्रमांकाचा ‘ल’ करायचा की ‘एन’, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. म्हणून फर्मवेअरमध्ये देवनागरी कोंबायच्या भानगडीत पडू नये. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड आराखडा चालू करावा. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या इस्की मानकात हा आराखडा आहे आणि पुण्याच्या सी-डॅकने आपल्या जिस्ट तंत्रज्ञानातून तो देशभर नेला.

खरी गंमत पुढे आहे. इन्स्क्रिप्टमध्ये क-ख, ग-घ, त-थ, प-फ अशा जोड्या एकेका बटणावर आहेत आणि जोडीतलं दुसरं अक्षर शिफ्टने येतं. ‘ल’च्या बटणावर ‘ळ’, ‘म’च्या बटणावर ‘ण’. काना-वेलांटीच्या बटणांवर शिफ्टने आ, ई. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ पावलोपावली येतात, त्यामुळे करंगळीचे हाल होतात.

क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये ‘ऑटो शिफ्ट’ नावाची सोय आहे. बटण दाबून लगेच सोडलं तर ‘ल’, किंचित धरून ठेवलं तर ‘ळ’. ही मर्यादा मुळात १७५ मिलिसेकंदांची असते, ती बदलता येते. ही सोय केली इंग्रजी कॅपिटलसाठी, पण माझ्या मते ती इन्स्क्रिप्टलाच जास्त शोभते. तोटा एकच: अक्षर बटण सोडल्यावर उमटतं, म्हणून वेगाने टाइप करणाऱ्याला ते रेंगाळल्यासारखं वाटतं. त्यासाठी ऑटो शिफ्ट चालू-बंद करणारं एक बटण राखून ठेवावं.

‘दऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतल्या अर्ध्या ‘र’साठी शिफ्टसह ‘र’ आणि मग हलन्त द्यावा लागतो. मॅक्रोने, म्हणजे बटणांच्या साठवलेल्या क्रमाने, हे एका बटणावर आणता येतं.

फ्लॅश मारताना

कोणतं बटण काय करेल ते सांगणारी कीमॅप फाईल कंपाइल केली की पिकोसाठी यूएफ२ फाईल तयार होते. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरायचं आणि केबल जोडायची. संगणकात आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसतो. त्यात ती फाईल टाकली की ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो आणि कीबोर्ड सुरू होतो. फाईल चुकीची गेली तरी घाबरू नये. ड्राइव्ह दाखवणारा मूळ प्रोग्रॅम चिपच्या रॉममध्ये असतो, तो पुसला जात नाही.

कव्हर लावल्यावर बूटसेल झाकलं जातं. म्हणून क्यूएमकेचं ‘बूटमॅजिक’ आधीच चालू ठेवावं. मग डावीकडचं सर्वांत वरचं बटण धरून केबल जोडली की तोच ड्राइव्ह दिसतो.

कंपनीत नेण्याआधी

फ्लॅश करताना बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि बऱ्याच कंपन्यांत पेन ड्राइव्हला मनाई असते. तेव्हा हा उद्योग घरीच उरकावा, आणि बाहेरचा कीबोर्ड चालेल का, हे आयटी विभागाला विचारून घ्यावं. मॅक्रोत पासवर्ड कधीही ठेवू नये. कीबोर्ड ज्याच्या हाती पडेल त्याला तो एका दाबात मिळेल. बूटमॅजिकने बोर्डात साठवलेल्या सेटिंगही पुसल्या जातात, म्हणून कीमॅप फाईलची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा.