मक्तेदाराचे निरनिराळे भाव

एकाच दिवशी, एकाच मालाचे, दोन गिऱ्हाइकांस दोन भाव सांगणे हे आपल्या करोंदच्या बाजारात कोणासही साधणारे नाही. सीहोरचा शरबती गहू बंगलेवाल्यास चढ्या भावाने सांगितला, तर तो शेजारच्या पेढीवर जाईल, किंवा नोकरास पाठवून स्वस्त भावातच पोती उचलील. जेथे विकणारे अनेक आणि माल हातोहात फिरणारा, तेथे भाव एकाच पातळीवर येतो.

मक्तेदाराची गोष्ट निराळी. गिऱ्हाइकास दुसरे दार नसावे, त्याची ऐपत व निकड काही बाह्य खुणेवरून ओळखता यावी, आणि स्वस्तात घेणाऱ्यास तो माल महाग घेणाऱ्याच्या हाती देता येऊ नये, इतके जुळले म्हणजे झाले. आपल्या परिचयाचे याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे रेल्वे.

इटारसीहून भोपाळपर्यंतचा लोहमार्ग १८८४ साली सुरू झाला. त्या काळी दूरच्या मालास दुसरे वाहन बैलगाडीच. वाघिणीत कापड भरा की मीठ भरा, इंजिनास ओढावे लागते ते वजन. तरी भाडे मात्र मालाच्या किमतीप्रमाणे वर्गवार ठरे. जो माल जितका भार सोसू शकेल, तितका त्यावर घालावा, असे हे धोरण. आजही मालाचे वर्ग आहेत, आणि दगडी कोळशाचा वर्ग धान्याच्या वर आहे. महाग माल स्वस्त म्हणून लिहून देण्याचा मोह कोणास होऊ नये, म्हणून खोट्या वर्णनास १९८९ च्या रेल्वे कायद्यात दंड सांगितला आहे. तिसरी अट राखण्याचीच ही तजवीज होय.

या पद्धतीची वाईट बाजूही आपल्या वाडवडिलांनी पाहिली. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालास स्वस्त दर आणि देशातल्या देशात जाणाऱ्या मालास महाग, हा भेद परदेशी व्यापारास पोषक आणि येथील कारखान्यांस जाचक होता. १९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगानेही तो दूर करण्याची शिफारस केली. पुढे मालमोटारी आल्या, तेव्हा प्रथम निघून गेला तो अधिक भाडे भरणारा महाग मालच. दुसरे दार उघडले की मक्तेदाराचे चढे भाव असे आधी ढासळतात.

उतारूंच्या बाबतीत वर्ग हीच खूण. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई याने १८४९ साली मार्मिकपणे दाखविले की, तिसऱ्या वर्गाच्या डब्यास छप्पर न घालण्यात कंपनीचा हेतू खर्च वाचविण्याचा नसतो. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, एवढाच असतो. गरिबाचे हाल हे श्रीमंतास वर ढकलण्याचे साधन! हा प्रकार मला निंद्य वाटतो. त्या मानाने तत्काळ तिकिटाचे जादा भाडे सरळ आहे. घाई ज्याची, पैसा त्याचा; आणि तिकिटावर नाव असल्याने ते दुसऱ्यास विकताही येत नाही. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांत जागा भरत जाईल तसे भाडे चढू लागले, तेही याच जातीचे.

ज्येष्ठांची सवलत याच हिशेबातली आहे, दानधर्मातली नव्हे. साठीच्या पुरुषास ४० टक्के व ५८ वर्षांच्या स्त्रीस ५० टक्के सूट होती. ती २० मार्च २०२० पासून स्थगित झाली, तेव्हा पारसनाथ स्टेशनावरून शिखरजीस जाणाऱ्या कित्येक घरांस ते जाणवले. जो वृद्ध पूर्ण भाडे देऊनही गेलाच असता, त्याच्यापुरते सवलतीत रेल्वेचे नुकसान. जो गेलाच नसता, त्याच्यापुरता सगळा लाभ, परंतु गाडीत जागा रिकामी असेल तरच. भरलेल्या गाडीत ती जागा दुसऱ्याने पूर्ण भाड्याने घेतली असती. म्हणून अशी सवलत मागताना आपल्या संस्थांनी सरसकट मागू नये. ज्या महिन्यांत व ज्या गाड्यांत जागा रिकाम्या जातात, त्यांचीच यादी पुढे ठेवावी.